खुर्चीतल्या भिडूला आधी विचारा

अपंग मुलाला तीनचाकी खुर्चीत बसवून, ती ढकलत पाच-दहा किलोमीटरच्या शर्यतीत धावण्याबद्दल मागच्या अंकात मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली की हा महिना त्यांनाच दिला आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो: मी वर्कशॉप शिकवणारा निवृत्त मास्तर. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. आता ती तिशीला टेकली. तिला पुढे घालून मी बरीच वर्षं धावलो. ती बोलत नाही, अक्षरांच्या फळ्यावर नजर फिरवून सांगते. खालची सगळी उत्तरं तिने तपासली आहेत, आणि जिथे तिचं माझ्याशी पटलं नाही तिथे तसं लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. आधाराशिवाय बसता येत नाही, मान अधूनमधून पुढे पडते, फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू आहेत. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, पाच किलोमीटर मी त्याला घेऊन धावतो." हो म्हणावंसं वाटतं आणि रात्री झोपही लागत नाही. — एक आई

ताई, तुमची झोप उडाली आहे, तशी थोडी दिरांचीही उडू द्या. ते अर्ध्या-पाऊण तासाचा हिशेब करत असतील. मुलाचा हिशेब वेगळा आहे. शर्यतीच्या आधी ताटकळणं, मग धावणं, मग गर्दीतून बाहेर पडणं, असा दीड-दोन तास त्याला पट्ट्यांत बसायचं आहे, तेही हादरे खात. म्हणून फिजिओला "धावलं तर चालेल का" असं विचारू नका, त्यावर "सांभाळून करा" एवढंच उत्तर मिळतं. विचारा, की हा एका बैठकीत किती वेळ नीट बसू शकतो, पाठ किती मागे रेललेली हवी आणि मानेला आधार कसा द्यायचा. डोकं पट्ट्याने मागे बांधून टाकायचा मोह होतो. तो टाळा. अंग पुढे सरकलं आणि डोकं जागेवर राहिलं, तर सगळा झटका मानेवर येतो. खुर्ची थोडी मागे कलती ठेवली आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार दिला, की बहुतेकदा काम होतं.

डॉक्टरांना दोन गोष्टी मुद्दाम विचारा: खुबे आणि हाडं. जी मुलं चालत नाहीत त्यांच्यात खुब्याचा सांधा हळूहळू जागचा सरकण्याचं प्रमाण बरंच असतं आणि हाडंही ठिसूळ होतात. एक्स-रे जुना असेल तर आधी नवा काढा.

फिटबद्दल सांगायचं तर अपुरी झोप आणि चुकलेली गोळी ही दोन नेहमीची कारणं, आणि शर्यती असतात भल्या पहाटे. म्हणजे दोन्ही कारणं एकाच दिवशी हात जोडून उभी. गोळीची वेळ कशी सांभाळायची ते आठवडाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. फिट लांबली तर द्यायचं औषध लिहून दिलेलं असेल, तर ते धावणाऱ्याच्या कमरेच्या पिशवीत हवं, शेवटच्या रेषेपाशी उभ्या असलेल्या तुमच्या पर्समध्ये नव्हे. आणि ते कसं द्यायचं हे दिरांना येत असायला हवं. फिट आलीच तर खुर्ची कडेला घेऊन ब्रेक लावायचा, मान सांभाळायची, तोंडातलं वाहून जाईल अशी एका कुशीला कलती ठेवायची, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच वैद्यकीय मदत.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. धावणारा तापतो, बसलेला तापत नाही. दिरांचा शर्ट भिजला म्हणून मुलाचं जाकीट काढू नका. हवा थंड असली तर समोरून येणाऱ्या वाऱ्यात त्याचे हातपाय गार पडतात, आणि गार पडलेले स्नायू आणखी ताठ होतात. हात-पाय तसेही गारच लागतात, त्यावरून अंदाज घेऊ नका. कॉलरच्या आत, मानेच्या मागे बोटं घालून बघा. उन्हाळ्यात उलटा धोका असतो. लाळ कमी करणारी काही औषधं आणि फिटवरच्या काही गोळ्या घाम कमी करतात, त्यामुळे मूल आतून तापत जातं आणि बाहेरून कोरडं दिसतं. यादी घेऊन डॉक्टरांना विचारा, यातल्या कोणत्या औषधाने घाम कमी होतो.

एवढं सगळं वाचून घाबरू नका. यातलं बहुतेक तुम्ही रोज घरी करताच. फक्त ते दिरांना शिकवायचं आहे. धावायचा सराव महिनाभर करायचा असेल, तर त्यातला पहिला आठवडा त्यांनी मुलाला भरवणं, उचलणं, बसवणं यात घालवावा.

रोजच्या व्हीलचेअरवरच धावलो तर? वेगळी खुर्ची घ्यायची म्हणजे मोठा खर्च. — एक वडील

चाला, धावू नका. रोजच्या खुर्चीची पुढची दोन चाकं लहान आणि गरगर फिरणारी असतात. ती दारातून वळायला सोयीची. धावण्याच्या वेगात ती थरथरतात, आणि रस्त्यातल्या बोटभर भेगेत एक जरी अडकलं तरी खुर्ची जागच्या जागी थांबते आणि मूल पुढे फेकलं जातं. चालण्याचा गट असेल तर त्यात खुशाल जा.

धावण्याच्या खुर्चीला तीन चाकं असतात, हवा भरलेली आणि मोठी. पुढचं चाक सरळ जखडलेलं असतं. वळायचं तर हँडल खाली दाबून पुढचं चाक किंचित उचलायचं आणि मागच्या दोन चाकांवर वळायचं. पहिल्या दिवशी हे जमत नाही, चौथ्या दिवशी हात आपोआप करतात. विकत घेण्याआधी आसपास कोणाकडे उसनी मिळते का बघा. मूल वाढतं आणि खुर्ची लहान पडते, त्यामुळे वापरलेल्या चांगल्या खुर्च्या अनेकदा हिंडत असतात. बाळांची धावण्याची गाडी लहान मुलाला चालून जाते, पण तिच्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा आणि मुलाच्या पाठीला लागणारा आधार या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच.

खुर्ची आली की माझा मास्तरकीचा तास सुरू. सपाट फरशीवर रिकामी खुर्ची हलकेच सोडा. ती सरळ गेली पाहिजे. एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या चाकाची जुळणी करा, नाहीतर पाच किलोमीटर तुम्ही एकाच मनगटाने तिला सरळ करत राहाल. रस्ताही मधे उंच आणि कडांना उतरता असतो, त्यामुळे नीट जुळवलेली खुर्चीसुद्धा कडेकडे ओढ घेते. चाकाच्या आऱ्यांवर झाकण हवं, कारण ताठर हात कधी बाजूला फेकला जाईल सांगता येत नाही. पायही फळीवर पट्ट्याने धरलेले हवेत. खांद्यावरून, कमरेवरून आणि दोन पायांच्या मधून येणारा पाच ठिकाणी धरणारा पट्टा घ्या. कमरेचा भाग आधी घट्ट करा, खांद्याचा नंतर. खांद्याचा आधी ओढला की मूल खाली घसरतं आणि पट्टा गळ्याशी येतो.

हातब्रेक आणि मनगटात अडकवायची दोरी यांच्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकू नका. का ते हिशेबाने बघा. मूल 30 किलो, खुर्ची 15 किलो, एकूण 45. सपाट चांगल्या रस्त्यावर ती चालू ठेवायला जेमतेम अर्ध्या किलोचा जोर लागतो, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं की हे सोपं आहे. शंभर मीटरला पाच मीटर चढ आला की त्यात सव्वादोन किलो वाढतात, आणि तो जोर क्षणभरही सोडता येत नाही. उतारावर तेच सव्वादोन किलो खुर्चीला तुमच्या हातातून पुढे ओढत असतात. उभी असलेली खुर्ची अशा उतारावर सुटली तर दहाएक मीटरमध्ये तुमच्या धावण्याच्या वेगाला पोचते. मग तुम्ही तिच्या मागे, आणि मूल एकटं पुढे. चढाने दम जातो, अपघात मात्र उतारावर होतात. उतार लागण्याआधीच वेग कमी करा, ब्रेक थोडा थोडा लावा, पावलं आखूड टाका. वेळ वसूल करायची जागा उतार नव्हे.

मी दहा किलोमीटर 55 मिनिटांत धावतो. भाच्याला घेऊन किती वेळ लागेल? सराव कसा करू? — एक मामा

आकडा देत नाही. रस्ता, वारा, भाच्याचं वजन आणि त्याला कितीदा थांबावंसं वाटतं यावर तो ठरतो. 55 मिनिटं विसरा, एवढंच सांगतो.

शरीरात काय बदलतं ते सांगतो. हात अडकले की पाऊल आपोआप आखूड होतं. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं की खांदे कानापाशी जातात आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. सपाटीवर एका हाताने ढकला, दुसरा मोकळा हलू द्या, दर काही मिनिटांनी हात बदला. चढावर दोन्ही हात, कोपरं अंगाजवळ, अंग घोट्यापासून पुढे कललेलं. कमरेतून वाकलात तर फुप्फुसं दबतात आणि पाठही कुरकुरते. पोटऱ्यांवर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो, म्हणून आठवड्याचं अंतर हळू वाढवा.

सरावासाठी भाच्याला प्रत्येक वेळी नेण्याची गरज नाही. खुर्चीत त्याच्या वजनाची वाळूची पोती बांधा आणि चढ-उतारांवर जा. पोतं पडलं तर रडत नाही. अमेरिकेतले डिक हॉइट, ज्यांचं नाव या विषयात सगळ्यात आधी निघतं, ते त्यांचा सेरेब्रल पाल्सी असलेला, बोलता न येणारा मुलगा रिक शाळेत असताना खुर्चीत सिमेंटचं पोतं ठेवून सराव करत. त्या दोघांची मॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ 2 तास 40 मिनिटं 47 सेकंद आहे, 1992 सालची. बहुतेक धडधाकट धावपटूंना ती एकट्यानेही गाठता येत नाही. आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नाही, तेव्हा निवांत धावा.

धाकटा भाऊ बोलत नाही. त्याला घेऊन धावायची माझी फार इच्छा आहे. पण त्याला हे आवडतंय की मीच माझी हौस भागवून घेतेय, हे कळायचं कसं? — एक ताई

या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र. आधी हॉइटांचीच गोष्ट पुढे नेतो, कारण ती अर्धीच सांगितली जाते. बाप किती थोर, इथेच ती संपवतात. 1977 मध्ये अपघाताने पांगळ्या झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव होती. तिच्यात भाग घेऊ या, हे पंधरा वर्षांच्या रिकने बापाला सांगितलं. बापाने मुलाला नव्हे. डिक तेव्हा धावपटू नव्हते, दोघे जवळजवळ शेवटून आले. घरी आल्यावर रिकने त्याच्या कॉम्प्युटरवरून सांगितलं की धावताना आपण अपंग आहोत असं त्याला वाटत नाही. पुढच्या हजारावर शर्यती त्यातून झाल्या. मागणी खुर्चीतून आली होती.

तुमच्या भावाकडे कॉम्प्युटर नसेल, पण हो आणि नाही तरी असेलच. वर बघणं, डोळे मिटणं, मान वळवणं, जीभ काढणं, काहीही. हात दाबणं शक्यतो टाळा, ताठर स्नायूंचा हात मनात नसतानाही मिटतो. हसण्यावरही भिस्त ठेवू नका. काही मुलांचा चेहरा ताणाने असा ओढला जातो की परक्याला ते हसू वाटतं. तुम्ही बहीण आहात, तुम्हाला फरक कळत असेल. बाकीच्यांना कळेल असं गृहीत धरू नका.

विचारायची पद्धत अशी. प्रश्न उलटसुलट दोनदा विचारा: "जायचं का?" आणि थोड्या वेळाने "घरीच थांबायचं का?" दोन्हींना हो आलं तर ते तुम्हाला खूश करायला दिलेलं हो आहे. मग वाट बघा. उत्तर यायला त्याला अर्धा मिनिटही लागू शकतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात आपण चार वेळा बोलून मोकळे होतो. पहिल्यांदा शर्यत नको, घराजवळ एक फेरी मारा. दुसऱ्या दिवशी नुसती खुर्ची त्याच्या नजरेसमोर आणून ठेवा आणि काय होतं ते बघा. माझी लेक खुर्ची दिसली की पाय ताठ करायची. मला वाटायचं आनंद. तिच्या आईने बघितलं आणि म्हणाली, "अहो, डावा पट्टा टोचतोय तिला." पट्टा बदलला, पाय ताठ व्हायचे थांबले, आणि मग ती खरंच खूश असली की काय करते तेही कळलं. डोळे दाराकडे जातात.

धावताना आणखी एक अडचण आहे: त्याची पाठ तुमच्याकडे असते, चेहरा दिसत नाही. म्हणून एक साथीदार बाजूने धावायला हवा, ज्याचं काम फक्त त्याच्याकडे बघणं. थांबायची खूण आधीच ठरवा, आणि सरावात ती खोटी खोटी वापरून बघा: त्याने खूण केली की तुम्ही खरोखर थांबलंच पाहिजे, मग चढ असो की उतार. एकदा त्याला पटलं की थांब म्हटल्यावर ही थांबते, की त्याच्या "हो"ला किंमत येते. शर्यतीत शेवटची रेषा शंभर मीटरवर असतानाही हा नियम तोच.

इथे लेकीची भर, तिच्याच शब्दांत: "नंतरही विचारा. दरवर्षी विचारा. मला दहाव्या वर्षी आवडायचं ते विसाव्या वर्षी कंटाळवाणं झालं." खरं आहे. आता ती माझ्याबरोबर धावत नाही. तिच्या मैत्रिणीबरोबर जाते, कारण मी धावताना फार बोलतो म्हणे. रिक हॉइटनेही 2014 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर वडील थांबले तेव्हा दुसऱ्या धावपटूला सोबत घेतलं. ढकलणारा बदलता येतो.

आयोजक म्हणतात, चाकं असलेलं काही आणायचं नाही, सुरक्षेचा नियम आहे. भांडू का? — एक बाबा

भांडण्याआधी त्यांची भीती समजून घ्या, ती अगदीच हवेत नाही. सुरुवातीच्या गर्दीत पुढचं चाक समोरच्याच्या टाचेत घुसतं आणि तो पडतो. म्हणून तक्रार घेऊन जाऊ नका, तयारी घेऊन जा. आम्हाला सगळ्यांच्या काही मिनिटं आधी सोडा किंवा सगळ्यात शेवटी, आम्ही एका कडेने धावू, ब्रेक आणि मनगटाची दोरी आहे, बाजूला साथीदार आहे, मार्ग आम्ही आधी बघून आलोय आणि पायऱ्या किंवा अरुंद वळण कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे. खुर्चीचा फोटोही जोडा. हे सगळं लेखी आणि शर्यतीच्या बरंच आधी. आदल्या दिवशी नियम कोणी बदलत नाही.

दोघांची नावं नोंदवा आणि दोन क्रमांक मागा. मुलाचा क्रमांक पुढे, खुर्चीवर दिसेल असा. पदकंही दोन. एकच मिळालं तर ते कोणाच्या गळ्यात, हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तर इथेच देऊन टाकतो: पुढे बसलेल्याच्या, रेषा त्याने आधी ओलांडली.

तरीही नाहीच म्हणाले तर? हॉइट पितापुत्रांनाही बोस्टन मॅरेथॉनने आधी रीतसर प्रवेश दिला नव्हता. 1983 मध्ये त्यांनी दुसऱ्या एका मॅरेथॉनमध्ये पात्रतेची वेळ काढली आणि मग दार उघडलं. त्याच बोस्टनच्या सुरुवातीच्या रेषेजवळ 2013 पासून दोघांचा पुतळा आहे. पण मूल थांबत नाही, मोठं होतं. पत्रव्यवहार चालू ठेवा आणि तोवर जिथे हो म्हणतात तिथे धावा.

भाचीला स्पायना बिफिडा (जन्मतःच पाठीच्या कण्यात असणारा दोष) आहे. वेगळं काही बघायचं का? — एक मावशी

हो. फुगे. या मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे फुग्यांच्या रबराची, अॅलर्जी बरीच आढळते, आणि शर्यतीच्या कमानीला अनेकदा फुगे लावलेले असतात. आयोजकांना आधी विचारा. शिवाय पायांना स्पर्श कळत नसेल तर पट्टा घासला तरी ती सांगणार नाही. घरी आल्यावर मोजे काढून टाचा आणि घोटे बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर पुढच्या वेळी तिथलं पॅडिंग बदला.

लोक रडतात, फोटो काढतात, "केवढा त्याग!" म्हणतात. नातवाला ते ऐकू येतं. काय करावं? — एक आजोबा

आजोबा, रडणाऱ्याला रडू द्या, त्याला आपण आवरू शकत नाही. बोलणाऱ्याला मात्र वळवता येतं. माणूस माझ्याशी बोलायला लागला की मी खुर्चीपाशी उकिडवा बसून म्हणतो, "तिला विचारा, आज कशी झाली शर्यत." अर्धे गडबडतात, अर्धे खरंच विचारतात. फोटोचंही तेच, परवानगी नातवाची. तो मान फिरवत असेल तर "नको म्हणतोय तो" एवढं सांगायचं आणि पुढे निघायचं. त्याग वगैरे शब्दांवर लेकीचं मत छापण्याजोगं नाही.

शर्यतीच्या दिवशी पाऊस आला तर? — नाव दिलेलं नाही

रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा धरतात, डिस्क ब्रेक त्या मानाने बरे. अंगावर पारदर्शक आच्छादन घाला, पण तोंडापुढे हवा खेळती राहू द्या आणि आत बोलण्याचा फळा किंवा खूण दिसेल असं बघा. कोरड्या कपड्यांचा जोड सुरुवातीच्या जागी ठेवू नका, शेवटच्या रेषेपाशी कोणाच्या तरी हातात ठेवा. पाऊस धो धो असेल तर मुलाला विचारा. माझ्या लेकीचं उत्तर ठरलेलं होतं, ती भिजायला एका पायावर तयार असायची. तुमच्या मुलाचं वेगळं असू शकेल.